पन्नाशीतले पाय आणि दुखरे गुडघे : या चुका टाळा

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरायला येणाऱ्यांमध्ये चाळिशी ओलांडलेली मंडळी पुष्कळ असतात, आणि दुसरी फेरी संपेपर्यंत त्यांचे बोलणे हमखास गुडघ्यांवर येऊन थांबते. माझे वय 54 आहे, उजवा गुडघा बारा वर्षांपासून कुरकुरतो आहे, आणि तरीही आठवड्यातून दोनदा मी पायांचा व्यायाम करतो. ओळखीपाळखीच्यांना व्यायाम दाखवताना त्याच त्या चुका पाहून कंटाळा आला, म्हणून त्या एकदा लिहून ठेवत आहे.

तालमीतला जुना आकडा

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ विशीपर्यंत गावच्या तालमीत घुमलेले होते आणि तेव्हा रोज तीनशे बैठका मारत असत. पुढची पंचवीस वर्षे कचेरीतल्या खुर्चीवर गेली. वयाच्या 48 व्या वर्षी दसऱ्याचा मुहूर्त साधून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, ती थेट शंभर बैठकांनी, आणि तिसऱ्या दिवशी दीडशेवर गेले. ‘अण्णा, सध्या वीसवर थांबा,’ असे मी म्हणालो, तेव्हा ‘अंगात मुरलेली गोष्ट आहे, तुम्ही काळजी करू नका,’ असे म्हणून त्यांनी मला वाटेला लावले. अकराव्या दिवशी डावा गुडघा इतका सुजला की पायजमा तिथे अडकू लागला, आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला घरातले सगळे पाटावर बसलेले असताना अण्णा एकटे खुर्चीवर बसले होते.

यात दोष तालमीचा नव्हता. दम काही आठवड्यांत परत येतो आणि स्नायूंची ताकद एकदोन महिन्यांत वाढू लागते, परंतु स्नायू ज्यांच्या आधाराने हाडाला जोडलेला असतो त्या कंडरा नव्या भाराला सरावायला कित्येक महिने घेतात. म्हणजे अंगात जोर आल्यासारखे वाटते तेव्हा गुडघा अजून मागेच असतो. त्यातून तालमीतली बैठक ही टाचा उचलून, गुडघा पूर्ण दुमडून आणि झपाट्याने मारायची असते. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्याच्या वाटीमागे शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो, जिना चढताना तो तिपटीच्या पुढे जातो आणि खोल बैठकीत सात-आठ पटींपर्यंत पोहोचतो. 75 किलोच्या माणसाने हा हिशेब स्वतः करून पाहावा आणि त्याला शंभराने गुणावे. वस्ताद पोरांचा आकडा हळूहळूच चढवत असत. अण्णांना तीनशेचा आकडा तेवढा आठवला, त्याच्याआधीची दोन वर्षे आठवली नाहीत.

माझी पद्धत फार साधी आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर मी चार घड्यांची गोधडी ठेवतो, मनात चार आकडे मोजत हळूहळू खाली जातो, गोधडीला जेमतेम स्पर्श झाला की उठतो. आठ वेळा ऊठबस झाली की दोन मिनिटे थांबतो, आणि अशा तीन फेऱ्या झाल्या की त्या दिवसाचा व्यायाम संपला. पंधरा दिवस काही तक्रार आली नाही तर गोधडीची एक घडी उलगडतो, म्हणजे बैठक बोटभर खाली जाते. नव्याने येणाऱ्यांना हे हास्यास्पद वाटते, आणि जे हसतात ते बहुधा महिनाभरात गुडघा चोळत परत येतात.

व्यायाम जास्त झाला की नाही, हे त्याच वेळी कळत नाही. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणे मी चालवून घेतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा कालच्यापेक्षा जास्त दुखला, तर पुढच्या वेळी एक फेरी कमी करतो. कमी करतो, बंद करत नाही. आणि दुसरी मोठी चूक नेमकी इथेच होते.

‘झिजले’ म्हणून बसून राहणे

आमच्या शेजारच्या मावशींना वयाच्या 57 व्या वर्षी घरच्यांनी ‘गुडघे झिजलेत, आता जपा’ असे सांगून जवळजवळ बाजेवर बसवले. मांडी घालणे बंद, जिना बंद, मारुतीच्या देवळापर्यंत जाणेही बंद. सहा महिन्यांनी हातांचा रेटा दिल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठता येईना. तिशीनंतर स्नायू तसाही हळूहळू कमी होत जातो आणि बसून राहिले की ही घट वेग घेते. शिवाय सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार आला की ती दाबली जाते, भार गेला की फुगते, आणि या दाबण्या-फुगण्यातूनच तिला सांध्यातल्या द्रवाचे पोषण मिळते. ज्याला विश्रांती म्हणतात ती तिच्यासाठी उपासमार असते.

मावशींना आम्ही उताणे झोपून गुडघे दुमडायला आणि कंबर वर उचलायला लावली, मग सरळ पाय वीतभर उचलून पाच आकडे धरायला लावला, आणि पाचव्या आठवड्यानंतर खुर्ची व गोधडी आणली. चौथ्या महिन्यात त्या हात न टेकता उठू लागल्या. त्यांचा एक्स-रे होता तसाच आहे. फोटोतली झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही, हे घरच्यांना पटवताना मात्र मावशींना शिकवण्यापेक्षा जास्त श्रम पडले.

चढण्याची तयारी, उतरण्याची नाही

देवगिरीच्या किल्ल्यावर पाहुण्यांना घेऊन गेलेला माणूस चढताना धापा टाकतो आणि उतरताना कण्हतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो, आणि या कामाचा सराव कोणीच करत नाही. एका हाताने भिंत धरून, चार इंच उंचीच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला लावावी आणि पुन्हा वर यावे. हे करताना गुडघा आतल्या बाजूला कलत असेल तर दोष बहुधा खुब्याच्या कमकुवत स्नायूंचा असतो. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करावा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

‘मी रोज पाच किलोमीटर चालतो’ हे पायांच्या ताकदीचे उत्तर नाही. चालणे हृदयासाठी उत्तम आहे, पण रोज तेवढाच भार मिळाल्यावर मांडीला वाढण्याचे कारण उरत नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला उतरणे म्हणजे राखणदाराला झोपवून शेताची राखण करणे होय.

नी-कॅपने थोडा आधार वाटतो, ताकद येत नाही.

दुखत नसताना गुडघा नुसता कटकट वाजत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

गुडघा पायाच्या बोटांपुढे जाताच कामा नये, हा नियम अतिरेकाने पाळला तर तोच भार खुबा आणि कंबर यांच्यावर जातो. टाच जमिनीवर राहिली की माझ्या दृष्टीने पुरे.

वजन जास्त असलेल्यांनी एक किलो कमी केले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. तेला-मलमांवर होणारा खर्च पाहता हा उपाय स्वस्त आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून तो कोणाला आवडत नाही.

गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, चालताना दगा देत असेल, गरम होऊन सुजला असेल, सोबत ताप असेल, किंवा पायावर वजनच टाकता येत नसेल, तर घरगुती प्रयोग न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता थंडीविषयी. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा 10 अंशांच्या खाली जातो, आणि त्या गारठ्यात अंथरुणातून उठून थेट मैदानावर पळत सुटणारे दरवर्षी दिसतात. मी तेव्हा घरातच दहा मिनिटे येरझारा घालतो, पलंगावर बसून पाय वीस वेळा सावकाश सरळ करतो, आणि चहा घेऊन मगच गोधडीची घडी घालतो.