घरात दिव्यांग मतदार असेल तर मतदानाची तयारी कशी करावी

मतदानाच्या दिवशी सकाळी व्हीलचेअर कुठे मिळेल म्हणून फोन फिरवत बसलात तर उशीर झालेला असतो. दिव्यांग माणसाच्या मतदानाचं निम्मं काम इलेक्शन लागायच्या आधीच उरकावं लागतं आणि हे बऱ्याच घरांत कोणी सांगतच नाही. 2024 ला लोकसभेचं मतदान आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारला ऐन मे महिन्यात होतं, त्या उन्हात धडधाकट माणसाला रांगेत उभं राहवत नाही, म्हणून घरचे मायेनंच म्हणतात, "माय, तुले काब्रं तरास? तू घरमाच ऱ्हाय." म्हणजे तुला कशाला त्रास, घरीच राहा. माया खरी आहे हो, पण मत जातं ना तिचं.

तर पहिले यादी बघा. मतदार यादीत नाव आहे एवढ्यावर थांबू नका, त्या नावापुढे दिव्यांग अशी नोंद आहे का ते विचारा, कारण ही नोंद नसेल तर घरून मतदानाची सोय मिळतच नाही. नोंद करायला फॉर्म 8 भरायचा, तोच फॉर्म जो पत्ता बदलायला लागतो, त्यात दिव्यांगत्वाचा वेगळा भाग आहे, चालण्याची अडचण, दिसण्याची, ऐकण्या-बोलण्याची की दुसरी काही ते टाकायचं आणि सर्टिफिकेट असेल तर त्याची कॉपी जोडायची. नाव नवीनच टाकायचं असेल तर फॉर्म 6, त्यातही हे लिहिता येतं. मोबाईलवर निवडणूक आयोगाचं सक्षम नावाचं ॲप आहे, त्यावरून होतं, नाहीतर गावातल्या बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा, बहुतेक ठिकाणी अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेतले सर असतात. काहीच जमेना तर 1950 ला फोन लावा.

एक गोष्ट फार कानावर येते, "आमचा पोरगा मतिमंद आहे, त्याचं नाव टाकत नाहीत." असं नाहीये. सक्षम न्यायालयानं त्या माणसाला मनोविकल ठरवलेलं असेल तरच नाव नाकारता येतं, नुसतं हळू शिकतो, बोलता येत नाही, डॉक्टरचा कागद आहे एवढ्यावरून नाही. 18 पूर्ण झालेत ना, मग फॉर्म भरा आणि कोणी नाही म्हटलं तर तहसीलच्या निवडणूक शाखेत लेखी उत्तर मागा.

आता घरून मतदान. ज्याचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आहे त्याला आणि 85 च्या वरच्या म्हाताऱ्या माणसांना हे मिळतं. फॉर्म 12डी भरायचा, आणि सगळी गडबड इथंच होते, कारण अधिसूचना निघाल्यापासून फक्त पाच दिवसांत तो द्यावा लागतो. मागच्या विधानसभेला 22 ऑक्टोबर 2024 ला अधिसूचना निघाली आणि मतदान होतं 20 नोव्हेंबरला, लोकांना वाटतं अजून महिना पडलाय पण 12डी ची मुदत तर ऑक्टोबरातच संपून गेली. म्हणून सर्टिफिकेट किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधीच काढून ठेवा, सिव्हिल हॉस्पिटलला तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो. नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर तर हे फार महत्त्वाचं, तिथं केंद्रापर्यंत उचलून नेणं म्हणजे त्या माणसाचे हाल.

फॉर्म मंजूर झाला की ठरलेल्या दिवशी टीम घरी येते, अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा. मशीन नसतं, कागदाची मतपत्रिका असते. खूण करताना तिथं कोणी डोकावायचं नाही, व्हिडिओवाल्यानं पण नाही, घरच्यांनी पण नाही. त्या दिवशी घरी नसलात तर टीम अजून एकदा येते, नंतर नाही. आणि एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, त्यामुळे ज्याला केंद्रावर जायची हौस आहे त्याला विचारल्याशिवाय 12डी भरू नका.

केंद्रावर जायचं असेल तर रॅम्प आहे का, व्हीलचेअर लागणार हे सक्षम ॲपवर नाहीतर बीएलओकडे आधीच कळवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मतदान केंद्र सुगम असलंच पाहिजे असं लिहिलंय, तेव्हा हात जोडून विनंती करायची गरज नाही. रांगेत थांबायचं नाही, सरळ पुढे जायचं. ओळखपत्र म्हणून यूडीआयडी कार्डही चालतं.

दिसत नसेल तर केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागा. ती बोटांनी वाचून आपल्या उमेदवाराचा नंबर लक्षात ठेवायचा, मग मशीनवर निळ्या बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडा असतो तो चाचपून बटण दाबायचं आणि बीप वाजेपर्यंत थांबायचं. नोटा धरून 16 च्या वर नावं असली की बटणांचं दुसरं युनिट जोडलेलं असतं, म्हणून युनिट किती आहेत ते आत जायच्या आधीच विचारून घ्या.

ब्रेल येत नसेल किंवा हातानं बटण दाबणं होत नसेल तर सोबती नेता येतो, निवडणूक नियम 49एन मध्ये तशी सोय आहे. सोबती कोण हे मतदारानं ठरवायचं, सरपंचानं नाही, बूथवर उभ्या कार्यकर्त्यानं नाही. तो 18 च्या वरचा हवा, मत गुप्त ठेवीन असं लिहून देतो, आणि एका दिवशी एकाच माणसाचा सोबती होऊ शकतो. एकच दादा सकाळपासून चार जणांना आत घेऊन जात असेल तर तिथंच केंद्राध्यक्षांना सांगा. पायानं अधू आहे पण चिन्ह दिसतं आणि बटण दाबता येतं, अशा माणसाला दारापर्यंत आणायला मदत करा, पण मशीनपाशी तो एकटाच जाईल. त्याला पण मनातल्या मनात घरच्यांपेक्षा वेगळं मत द्यायचं असू शकतं.

आणि हो, 12डी ही सोय लोकसभा-विधानसभेची. झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत, नगरपालिका हे राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथं हा फॉर्म चालत नाही, तेव्हा केंद्रावर जायचं धरूनच गाडीची आणि सोबत्याची सोय आदल्या दिवशी करून ठेवा.