सगळेच हिमनदीच्या नावावर खपवू नका : फिनलंडची भूमी वाचताना टाळायच्या चुका

हिमनदीच्या कार्याचा धडा वाचून जो विद्यार्थी थेट फिनलंडच्या नकाशाकडे वळतो, त्याची पहिली चूक बहुधा पाठ्यपुस्तकातल्या आकृतीमुळेच होते. हिमगव्हर (वाटीसारखा खळगा), शुककूट (धारदार कडा), गिरिशृंग (टोकदार शिखर), लोंबती दरी (मुख्य दरीच्या वर उघडणारी उपदरी) अशी नावे लिहिलेली ती आकृती आल्प्ससारख्या उंच पर्वतांतल्या दरी-हिमनद्यांची असते. फिनलंडवर मात्र खंडीय हिमनदी होती, म्हणजे डोंगर-दऱ्यांसकट सगळा प्रदेश झाकून टाकणारा बर्फाचा थर, जो स्कँडिनेव्हियाच्या मध्यभागी सुमारे तीन किलोमीटर जाड होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावर फियॉर्ड (बर्फाने कोरलेल्या आणि समुद्राचे पाणी शिरलेल्या दऱ्या) आणि गिरिशृंगे दाखवावीत. फिनलंडच्या सरोवरप्रदेशात ती शोधू नयेत. नॉर्वेतला सोग्नफियॉर्ड १,३०० मीटरहून खोल आहे, तरी त्याच्या मुखाशी उथळ उंबरठा आहे. बर्फाने कोरलेल्या दरीची ही खूण आपल्या जयगड किंवा राजापूरच्या खाडीत सापडणार नाही, कारण त्या नद्यांच्या बुडालेल्या दऱ्या आहेत. त्यामुळे ‘फियॉर्ड म्हणजे थंड देशातली खाडी’ ही व्याख्याही टाळावी.

दुसरा समज असा, की बर्फाने हा देश रंधा मारल्यासारखा सपाट केला आणि त्याची सुमारे १,८८,००० सरोवरे खणून काढली. इथला बराचसा खडक १९० कोटी वर्षांच्या आसपासचा आहे आणि त्यावरचे प्राचीन पर्वत हिमयुगापूर्वीच झिजून गेले होते. बर्फाने मुख्यतः खडकातल्या जुन्या भेगांच्या पट्ट्यांतला ठिसूळ, कुजलेला भाग उचलला आणि पुढे टाकलेल्या गाळाने पाण्याच्या वाटा अडवल्या. उत्तरेकडच्या लॅपलंडच्या मध्यभागी, जिथे बर्फ जवळजवळ हलतच नव्हता, तिथे हिमयुगापूर्वीचा कुजलेला खडक आजही जागेवर आहे. बर्फ जाड होता म्हणजे त्याने खरवडलेच असेल, असे धरून चालता येत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ कटकांचा, म्हणजे लांबट उंचवट्यांचा होतो, आणि तो समजण्यासारखा आहे, कारण नकाशावर सगळे कटक सारखेच दिसतात. एस्कर, म्हणजे पुस्तकातला हिमोढकटक, हा बर्फाच्या तळाशी बोगद्यांतून वाहणाऱ्या वितळपाण्याने रचलेला असतो. म्हणून त्यातले गोटे गोलसर असतात, वाळू आणि खडी थराथराने निवडलेली असते आणि कटकाची दिशा साधारण बर्फाच्या प्रवासाची असते. अंत्य हिमोढ (बर्फाने थेट आणून टाकलेला गाळ) बर्फाच्या कडेला, म्हणजे त्या प्रवासाला आडवा साचतो आणि त्यात चिकणमातीपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळे एकत्र कालवलेले असते. शंका आल्यास आकार पाहू नये, खडीच्या खाणीत उघडी पडलेली कड पाहावी. थर दिसले तर पाण्याचे काम, सरमिसळ दिसली तर बर्फाचे. पुंकाहार्यूचा अरुंद, सरोवरांच्या मधून जाणारा कटक एस्कर आहे, याबद्दल वाद नाही. पण दक्षिण फिनलंडमधल्या साल्पाउसेल्का रांगांना नुसते ‘अंत्य हिमोढ’ म्हणून मोकळे होणे ही अर्धीच ओळख ठरते. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी हवामान पुन्हा थंडावले, माघार घेणारा बर्फ थबकला आणि त्याच्या कडेला त्या रांगा उभ्या राहिल्या, हे खरे. परंतु त्यांतला मोठा भाग वितळपाण्याने समोरच्या सरोवरात टाकलेल्या वाळू-खडीच्या त्रिभुज प्रदेशांचा आहे. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. निवडलेल्या वाळू-खडीत भूजल मुबलक साठते, म्हणून फिनलंडचे भूजल प्रामुख्याने एस्कर आणि साल्पाउसेल्का यांतून उपसले जाते; सरमिसळ हिमोढातून तेवढे पाणी मिळत नाही.

हिमोढगिरी (ड्रमलिन, म्हणजे गाळाची लांबट टेकडी) आणि मेषशिला (बर्फाने घासलेला खडकाचा उंचवटा) यांच्या दिशा उलट लिहिणे ही चूक इतकी नेमाने होते की तिचा वेगळा उल्लेख हवा. गाळाच्या हिमोढगिरीची बोथट, चढी बाजू बर्फ आला त्या दिशेला असते आणि शेपूट पुढे निमुळती होते. खडकाच्या मेषशिलेवर मात्र बर्फाने चढताना घासून मंद, गुळगुळीत उतार केला आणि उतरताना खडक उपटून कडा ठेवला.

किनाऱ्याबाबत चुकणाऱ्यांना मोठी सोबत आहे. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यांनी १७३१ मध्ये स्वीडनमधल्या येव्हलेजवळ लोव्हग्रुंड बेटावरच्या शिळेवर पाण्याच्या पातळीची खूण कोरली. किनारा सरकतो हे त्यांनी बरोबर ओळखले, पण समुद्राचे पाणी कमी होत आहे असे मानले. प्रत्यक्षात बर्फाच्या वजनाने दबलेले भूकवच हजारो वर्षांनंतरही वर येत आहे. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वार्केन द्वीपसमूहात हा वेग वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर आहे आणि समोरच्या स्वीडिश ‘उंच किनाऱ्या’वर प्राचीन समुद्रकाठाची खूण आज सुमारे २८५ मीटर उंचीवर आढळते.

हवामानाच्या बाबतीत ‘थंडी जास्त तिथे हिमनदी’ हे समीकरण सोडावे. हिमनदीला थंडीइतकाच भरपूर हिमवर्षाव लागतो. पूर्व सैबेरियातला याकुत्स्कचा कोरडा सखल प्रदेश भयंकर थंड असूनही शेवटच्या हिमयुगात खंडीय बर्फाखाली नव्हता, आणि उघड्या राहिलेल्या त्या भूमीतच पर्माफ्रॉस्ट (वर्षानुवर्षे गोठलेली जमीन) फार खोलवर गेला. उलट पूर्णपणे बर्फाखाली गेलेल्या फिनलंडमध्ये तो आज लॅपलंडच्या दलदलींत तुरळकच आढळतो. दलदली पाहून मुसळधार पावसाची कल्पना करणेही चुकीचे आहे : हेलसिंकीला वर्षाला पडणारा सुमारे ६५० मिलिमीटर पाऊस आणि हिम पुण्याच्या पावसापेक्षा थोडा कमीच भरतो, फक्त बाष्पीभवन कमी असल्याने पाणी साचून राहते.

मृदेबद्दलची मुख्य चूक म्हणजे हिमोढालाच मृदा म्हणणे. बर्फाने मूळ द्रव्य दिले. मृदा त्यानंतरच्या सुमारे दहा हजार वर्षांत झाली. इथल्या पॉडझॉल मृदेच्या रशियन नावात ‘राख’ आहे, पण वरचा करडा थर राखेचा नव्हे. सूचिपर्णी वनाच्या पालापाचोळ्यातून येणारी आम्ले लोह आणि ॲल्युमिनियम खाली वाहून नेतात, वर धुतलेली वाळू उरते आणि खाली तांबूस थर जमतो. कोकणच्या जांभ्यात नेमके उलटे घडते : तिथे सिलिका धुऊन जाते आणि लोह मागे राहते. बोथनियाच्या आखाताकाठी तर मृदेचे वय उंचीवरून सांगता येते, कारण खालची जमीन समुद्रातून नंतर बाहेर आली. तिथला पॉडझॉल पातळ आणि वरचा जाड असतो.

याच किनाऱ्यावरची एक चूक कागदावरची नाही. जुन्या समुद्रतळाच्या चिकणमातीत गंधकयुक्त संयुगे असतात आणि पाण्याखाली ती निरुपद्रवी राहतात. पीक पिवळे पडते म्हणून निचऱ्याचे चर आणखी खोल खणले, की त्यांना हवा लागून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, सामू (pH) ४ च्या खाली जातो आणि ओढ्यातले मासे मरतात. अशा शेतात केवळ चुना टाकून भागत नाही. चरांवर झडपा बसवून भूजलाची पातळी त्या थराच्या वर राखावी लागते.