दहा इंचांत अडीच मिलिमीटर जास्त: ही पट्टी कसली?

जुन्या वर्कशॉपच्या पेटीत पोलादी पट्टी सापडते. रेघा बारीक, आकडे स्वच्छ, पण नव्या स्केलशेजारी धरली की माप जुळत नाही. "उन्हाने ताणली असेल" म्हणून ती भंगारात टाकू नका. ती श्रिंक रूल असू शकते, म्हणजे धातूच्या ओतकामासाठी मुद्दाम थोडी लांब आखलेली पट्टी. पट्टी ३० अंशांनी तापली तरी २५४ मिमीवर ०.१ मिमीसुद्धा वाढत नाही. आणि झीज झाली तर ती टोकाला होते, मधल्या रेघा हलत नाहीत.

म्हणूनच टोकापासून मोजू नका. पट्टीची १ इंचाची रेघ चांगल्या मिमी स्केलच्या १० मिमीवर टेकवा, ११ इंचाची रेघ कुठे येते ते भिंगातून वाचा आणि त्यातून १० वजा करा. साधी पट्टी २५४ दाखवेल. २५६.६ आलं तर ती बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामाची, २५७.३ ॲल्युमिनियमची, २५८ पितळेची, २५९.३ पोलादाची. फुटाला अनुक्रमे १/८, ५/३२, ३/१६ आणि १/४ इंच जादा, असा हा हिशेब. मिमीची पट्टी असेल तर १०० ते २०० अंतर मोजा. बीडासाठी ते साधारण १०१ भरतं.

श्रिंक रूल ही पॅटर्न मेकरची, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुना (पॅटर्न) बनवणाऱ्याची पट्टी. ओतलेला धातू गार होताना आकसतो, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा लागतो. ड्रॉइंगवर १० इंच असेल तर या पट्टीचे १० इंच घ्यायचे, गुणाकार पट्टीनेच केलेला असतो. मशिनिंगसाठीची (ओतल्यावर यंत्रावर कापून काढायची) जादा जाडी मात्र यात धरलेली नसते, ती वेगळी सोडावी लागते. कोल्हापूर-बेळगावसारख्या ओतकामाच्या गावात पट्टी मिळाली असेल तर पहिला संशय हाच घ्यावा.

फुटाला ९/३२ इंच निघालं तर गोंधळू नका. लाकडी मास्टरवरून (मूळ नमुन्यावरून) ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा आणि त्यावरून बीडाचा जॉब (भाग) काढायचा, असं दुहेरी आकुंचन त्यात धरलेलं असतं (५/३२ अधिक १/८). पण एका कडेच्या १ इंचासमोर दुसऱ्या कडेवर ३.१४ च्या आसपास आकडा येत असेल, तर ती पत्रेवाल्यांची परीघपट्टी. व्यास धरून पत्र्याची लांबी वाचायची.

ओळख पटली की टोकाला लाल रंग लावा आणि लेथपासून लांब ठेवा. चुकून बीडाच्या ओतकामासाठीच्या या पट्टीने ५०० मिमीचा शाफ्ट कापला, तर तो ५ मिमी लांब निघेल. भोकाचं अंतर चुकलं तर दुरुस्तीही नाही.