महीकाठी पक्षी बघताना आधी चाल बघा

बडोद्याहून सिंधरोटला पक्षी बघायला जायचं तर सकाळीच जा. मही नदी इथे साधारण ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे वाहते आणि आपल्या बाजूचा काठ आग्नेयेचा. थंडीत सूर्यही त्याच बाजूने वर येतो, त्यामुळे सकाळी ऊन पाठीशी असतं. दुपारी चारनंतर तोच सूर्य डोळ्यांत शिरतो आणि पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. जानेवारीत उजाडतं उशिरा. सातला काठावर असलात की पुरे.

दुर्बीण 8×42 ची घ्या. 8 म्हणजे आठपट, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मोठी बरी म्हणून बारापटीची घेतली तर हाताची थरथरही तेवढीच वाढते आणि नवख्या माणसाला त्यात पक्षी सापडतच नाही. निघण्याआधी दुर्बीण आपल्या डोळ्यांना लावून घ्या. पुढचं उजवं भिंग झाकून, डाव्या डोळ्याने, मधलं चाक फिरवत दूरची एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका आणि चाकाला हात न लावता, बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्यापाशी असते ती कडी फिरवून तीच पाटी पुन्हा स्पष्ट करा. हे राहिलं की तासाभरात डोकं दुखायला लागतं. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली करा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही. दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची.

पन्नास पावलं चालून पाच मिनिटं थांबा. काठच्या चिखलातले पक्षी सगळे भुरे-मातकटच वाटतात, म्हणून रंगाच्या मागे लागू नका, चाल बघा. चिखल्या पळतो, थबकतो, टोचतो. तो भक्ष्य डोळ्यांनी शोधतो, म्हणून ते थांबणं. चिमणीएवढा टिलवा मान खाली घालून भराभर टोचतच राहतो. तुतवार मागचा भाग सतत खालीवर हलवतो. तो स्थिर झाला की पंखाच्या पुढून खांद्याकडे चढलेली पांढरी पाचर बघा. उडाला तर पाण्याला लागून, ताठ पंख थरथरवत जाईल.

सगळ्यात जास्त फसवतात ते धोबी पक्षी. काळं डोकं, काळा गळा आणि ठसठशीत पांढरी भुवई असलेला मोठा धोबी इथलाच, बारमाही. थंडीत येणाऱ्या पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा आणि पाठ राखाडी असते.

बदकांबाबत घाई नको. ऑक्टोबरमध्ये नरही मादीसारखे भुरकट असतात. तेव्हा चोच बघावी. थापट्याची चोच फावड्यासारखी, टोकाला रुंद. बदकं भरपूर बघायची असतील तर डभोईजवळचं वढवाणा तळं गाठा. 1910 मध्ये गायकवाडांच्या राज्यात सिंचनासाठी बांधलेलं हे तळं 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिथे बघावा.

पक्ष्याने खाणं थांबवून मान उंचावली की तुम्ही फार जवळ गेलात. दोन पावलं मागे या. दूरवर जाण्यासाठी साठवलेली चरबी अशा उगाच उडण्यात खर्च होते. कुरवांना (सीगल) गाठिया टाकणं तर बंदच करा. मीठ-तेलाचं ते त्यांचं खाणं नव्हे.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकाठी मात्र पाण्याच्या कडेला उतरू नका. थंडीत मगरी सकाळी उन्हं खायला काठावरच पडलेल्या असतात आणि चिखलात चिखलासारख्याच दिसतात. पुलावरून बघा.

उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, पंधरा दिवस झाडांत मांजा अडकलेला असतो. सोबत छोटी कात्री आणि एक पुठ्ठ्याचा खोका ठेवा. पक्षी अडकलेला दिसला तर दोरा ओढू नका, पंखाची कातडी सोलून निघते. दोन्ही बाजूंनी दोरा कापा, पक्षी कापडात गुंडाळून अंधाऱ्या खोक्यात ठेवा, पाणी पाजू नका आणि 1962 या पशु-पक्ष्यांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.