प्रोत्साहनाची अट कशी मांडावी

मालकाला कष्ट दिसत नाहीत, फक्त निकाल दिसतो. म्हणून पगार निकालाशी बांधावा लागतो. किती, ते आकड्यांनीच काढा.

समजा, मन लावून काम केलं तर यशाची शक्यता 0.8, टाळाटाळ केली तर 0.4. कष्टाची किंमत 10 एकक. यश आल्यावर बोनस 'ब'. प्रोत्साहनाची अट अशी, की कष्ट करणं टाळाटाळीपेक्षा तोट्याचं ठरू नये: 0.8ब − 10 ≥ 0.4ब, म्हणजे ब किमान 25.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 10 ला 0.8 ने भागून 12.5 बोनस ठरवणं. मग कष्ट करून हाती उरतं शून्य आणि टाळाटाळ करून 5! भागायचं असतं शक्यतांमधल्या फरकाने, 0.4 ने. हा फरक जितका कमी, तितका बोनस महाग; म्हणून आधी मोजमाप सुधारा.

मग सहभागाची अट, म्हणजे माणसाने ही नोकरी मुळात स्वीकारावी. बाहेर दुसरीकडे 30 मिळत असतील तर मूळ पगार + 20 (सरासरी बोनस, 0.8 × 25) − 10 ≥ 30, म्हणजे मूळ पगार किमान 20.

माणूस जोखीम टाळणारा असेल तर हे आकडे पुरत नाहीत, अनिश्चिततेची भरपाईही द्यावी लागते. आणि अर्थशास्त्रज्ञ होल्मस्ट्रॉम व मिलग्रॉम यांनी 1991 मध्ये दाखवलेला धोका विसरू नका: कामं अनेक असतील आणि एकच मोजलं जात असेल, तर कष्ट तिकडेच वळतात. अशा वेळी सौम्य बोनसच बरा.