जीआय पाइपाला वेल्डिंग करण्याआधीची तयारी

होळी आटोपली की पेरणीपर्यंत आमच्याकडे घरोघरी लोखंडाची कामं निघतात. कोठ्याचं फाटक, टाकीचा स्टँड, रानडुकरांसाठी धुऱ्यावर जाळीची चौकट. सिंगल फेजची छोटी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता गावात कुणाकडे ना कुणाकडे मिळते, आणि बोअरमधून काढलेले जुने जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप, आवारात पडलेलेच असतात. काळ्या लोखंडावर हात बसलेला माणूस तीच सवय जीआयवर चालवतो, तिथे घोळ होतो. जीआयच्या कामात वेल्डिंगचा रॉड पेटवण्याला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो तयारीला, आणि ती आदल्या दिवशीच करायला घ्यावी.

सगळ्यात आधी, वेल्डिंग खरंच लागतं का ते बघा. चौकट नटबोल्टवर किंवा क्लॅम्पवर उभी राहत असेल तर जस्ताचा थर शाबूत राहतो आणि पुढची वीस कामं वाचतात. धान्याच्या पत्र्याच्या कोठीला तर हातच लावू नका. पत्रा पातळ असतो, लगेच भोक पडतं. शिवाय आत कीड मारायच्या गोळ्या ठेवलेल्या असतील तर त्यांतून निघणारा वायू विषारी असतो आणि पेटही घेतो. डिझेलचा किंवा फवारणीच्या औषधाचा ड्रम, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, हेही नको. पिवळसर सोनेरी चकाकीचे जुने नटबोल्ट जोडाजवळ असतील तर काढून ठेवा. त्यांच्यावर कॅडमियमचा किंवा क्रोमियमचा मुलामा असू शकतो, आणि त्यांचा धूर जस्ताच्या धुरापेक्षा फार वाईट.

आता मुख्य काम, जस्त काढणं. जस्त 420 अंश सेल्सिअसला वितळतं आणि 907 अंशांना उकळतं. लोखंड वितळायला 1500 च्या आसपास जावं लागतं. म्हणजे जोड पकडायच्या आधीच जस्ताची वाफ होऊन गेलेली असते. हवा लागली की तिचं झिंक ऑक्साइड होतं, तोच तो दाट पांढरा धूर. तो छातीत गेला की काही तासांनी, बहुतेकदा रात्री, थंडी वाजून ताप भरतो. तोंडाला धातूची चव येते, घसा कोरडा पडतो, अंग ठणकतं. दिवसा काम करताना काहीच जाणवत नाही, म्हणून माणूस फसतो. जोडात अडकलेलं जस्त वेल्डलाही सोडत नाही. रॉड तडतडतो, थेंब उडतात, आत बारीक भोकं राहतात.

म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंनी किमान दोन इंच, जमलं तर चार इंच, थर उतरवून घ्या. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावा. डिस्क जस्तावर असते तोवर ठिणगी जवळजवळ उडत नाही, नुसती राखाडी भुकटी पडते. लोखंड लागलं की पिवळ्या ठिणग्यांचा फवारा सुटतो. तो फवारा सगळीकडून सारखा यायला लागला की वरची बाजू झाली समजा. पण पाइपाला आतूनही जस्त असतं आणि नेमकं तेच विसरलं जातं. तिथे गोल कानस घालून हात जाईल तेवढं घासा. ही भुकटीही नाकात जाऊ द्यायची नाही, मास्क इथपासूनच हवा.

संडास धुवायच्या ॲसिडने थर लवकर निघतो हे खरं, पण त्यातून हायड्रोजन सुटतो आणि तो पेटतो. घरी तो मार्ग नको. गाडीचे ब्रेक साफ करायचा स्प्रे तर जोडाच्या आसपासही नको. त्यात क्लोरीनचं द्रावण असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, आणि तो जीव घेऊ शकतो. तेलकट पाइप साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवला की पुरे.

तोंडाला दुपट्टा बांधून चालत नाही. या धुराचे कण इतके बारीक असतात की कापडातून आरपार जातात. निदान एन-95 मास्क, आणि शक्य असेल तर धूर गाळणाऱ्या फिल्टरचा रबरी मास्क घ्या. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते, तेव्हा दाढी करून बसा. दूध प्या, गूळ खा, असं सांगणारे भेटतील. गूळ खायला हरकत नाही, पण छातीत गेलेला धूर त्याने बाहेर येत नाही.

जागा उघडी हवी. टिनाच्या कोठ्यात, भिंतीच्या कोपऱ्यात नको. वारा पाठीवर घेऊ नका. अंगाला वळसा घालून तो छातीसमोर फिरतो आणि धूर तोंडाकडे ओढतो. एका कुशीने वारा येईल असं बसा आणि डोकं धुराच्या वर नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये सकाळीच काम उरकावं. दुपारी पारा पंचेचाळीसकडे जातो, घामाने हातमोजे भिजतात, आणि रॉड पेटलेला नसताना तो धरायच्या होल्डरवर साठ-ऐंशी व्होल्ट असतात. वरून दुपारच्या वावटळीत ठिणगी कुठे जाईल याचा नेम नाही.

आगीचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं, कारण आपली घरं उन्हाळ्यात पेटायला तयारच असतात. पऱ्हाटीचा ढीग, कुटार, तणस पस्तीस फुटांच्या आत असेल तर काम दुसरीकडे न्या. भाव येईल म्हणून खोलीत भरून ठेवलेला कापूस असेल तर त्या खोलीचं दार-खिडकी बंद करा, फटीत ओलं पोतं कोंबा. कापूस वरून पेटलेला दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. पाण्याच्या दोन बादल्या आणि रेती हाताशी ठेवा. काम संपल्यावर तासभर कुणीतरी तिथेच थांबायचं. हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर सगळे जेवायला निघून जातात.

विजेचं थोडक्यात: आकडा टाकून मशीन चालवू नका. सोळा अँपिअरचा सॉकेट, चालू अर्थिंग, जाड तांब्याची वायर, आणि ती गुंडाळी पूर्ण उलगडलेली. अर्थ क्लॅम्प जोडाच्या जवळ, घासलेल्या लोखंडावर. ढोरं त्याच पाइपाला साखळीने बांधलेली असतील तर आधी सोडून लांब न्या.

पाइपावर पिवळी पट्टी असेल तर तो हलका, निळी मध्यम, लाल जड. हलक्याला अडीच मिलिमीटर जाडीचा, 6013 नंबरचा रॉड, सत्तर-ऐंशी अँपिअर. रॉड कोरडे हवेत. हेल्मेटला दहा किंवा अकरा नंबरची काच, सुती पूर्ण बाह्या, चामड्याचे कोरडे हातमोजे, बूट. टेरिकॉट अंगावर नको, चप्पल नको. बघायला जमलेली पोरं आधी घरात पाठवा.

झिंकचं प्रमाण भरपूर असलेला प्रायमर आधीच आणून ठेवा. नुसतं रेड ऑक्साइड मारलं तर घासलेली जागा जस्ताने झाकली जात नाही आणि पावसाळ्यात तिथूनच गंज चढतो. स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली पापडी, झाडून, ब्रश मारून, जोड थंड झाल्यावर झिंक प्रायमरचे दोन हात द्या, पाइपाच्या आतूनही.

शेवटचं, घरच्यांना सांगून ठेवा की आज जीआयला वेल्डिंग केलंय. रात्री थंडी-ताप आला तर तो मलेरियाचा किंवा उन्हाचा समजला जातो. धुराचा ताप बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतो, पण दम लागत असेल, छाती भरून येत असेल किंवा ताप हटत नसेल तर दवाखान्यात जायचं, आणि डॉक्टरला पहिली गोष्ट हीच सांगायची की दिवसा जस्ताचा धूर लागला होता.