कापडी शेडच्या साइटवर नवीन जाणाऱ्यांसाठी, माझ्या अनुभवातून

सिव्हिल झाल्यावर पहिली चार वर्षं मी आरसीसी आणि पत्र्याच्या शेडमध्येच काढली, त्यामुळे खाणीच्या साइटवर फॅब्रिक बिल्डिंगचं काम मिळालं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर एक मोठा तंबू होता, बाकी काही नाही. आता बरीच वर्षं मी हेच काम करतोय आणि नवीन पोरं येतात ती सगळी त्याच समजुतीने येतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ही शेड म्हणजे नक्की काय ते. स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या कमानी, आणि त्यावर पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिस्टरचं कापड, एका चौरस मीटरला साधारण 600 ते 900 ग्रॅम वजनाचं. ते नुसतं झाकण म्हणून टाकलेलं नसतं, ताणून बसवलेलं असतं, आणि ताणलेलं आहे म्हणूनच वारा-पाऊस झेलतं. रस्ता धड नाही, क्रेन आणायची तर आठवडा जातो, काँक्रीटचा प्लांट जवळपास नाही, अशा ठिकाणी हिचा खरा उपयोग होतो, कारण अख्खी शेड कंटेनरमध्ये मावते, दिवसा कापडातून उजेड येतो आणि खाण संपली की बोल्ट खोलून पुढच्या साइटवर नेता येते. "तात्पुरती असते ना?" असं सगळे विचारतात. जेद्दाहच्या विमानतळावरचं हज टर्मिनल कापडाच्याच छताखाली 1981 पासून चालू आहे. ते कापड वेगळं, काचेच्या धाग्याचं आणि टेफ्लॉनचा थर दिलेलं, पण आपलं पीव्हीसीवालंसुद्धा नीट ताणून ठेवलं तर 15-20 वर्षं आरामात जातं.

आता मुख्य मुद्दा. पत्र्याच्या नाहीतर आरसीसीच्या कामात आपण सतत विचार करतो की वरचं वजन खाली कसं उतरवायचं. इथे उलटं आहे, इथे शेड खाली धरून कशी ठेवायची हाच प्रश्न, कारण शेडला स्वतःचं वजनच नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: सेकंदाला 20 मीटर वारा असेल तर चौरस मीटरला अंदाजे 25 किलो, आणि तोच वारा 40 मीटर झाला, म्हणजे ताशी 144 किलोमीटर, की दुप्पट नाही तर चौपट, 100 किलो. हे एकदा हाताने करून बघाच. 20 बाय 30 मीटरची शेड घ्या, छतावर सरासरी या दाबाच्या निम्मी ओढ वरच्या दिशेने लागते असं धरा, 600 चौरस मीटर गुणिले 50 किलो म्हणजे 30 टन वर, आणि सांगाडा-कापड मिळून वजन समजा 9 टन, म्हणजे 21 टन फक्त अँकरने, म्हणजे शेड जमिनीला धरून ठेवणाऱ्या बोल्ट-खुंट्यांनी धरायचे, तेही सुरक्षेचा गुणक न लावता. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, खरंच सांगतो.

म्हणून ड्रॉइंग हातात आलं की आधी कमानी बघू नका, बेसप्लेट (कमानीच्या पायाखालची स्टीलची प्लेट) आणि अँकर बघा, आणि विचारा की माती कोणती धरली आहे. दूरच्या साइटवर बऱ्याचदा मातीचा रिपोर्टच नसतो, किंवा असतो तो दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या कामाचा. स्क्रू पाइल, म्हणजे जमिनीत स्क्रूसारखे फिरवून घालायचे स्टीलचे खांब वापरणार असाल तर दोन-चार पाइल जागेवर ओढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, मॅनेजर कितीही घाई करू दे.

कंटेनरवर कमानी बसवायची पद्धत फार चालते कारण पायाच लागत नाही, खाली स्टोअरही मिळतं. पण 20 फुटी रिकामा कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास असतो. वरच्याच शेडला दोन्ही बाजूंना पाच-पाच लावले तर सगळे मिळून साडेबावीस टन, म्हणजे 21 टनांसमोर जेमतेम, आणि आडवा धक्का तर अजून धरलेलाच नाही. त्यामुळे कंटेनर भरलेले तरी हवेत नाहीतर जमिनीला बांधलेले तरी हवेत, आणि भरलेले धरून डिझाइन केलं असेल तर ते कुणी रिकामे करणार नाही हे स्टोअरवाल्यांना लेखी कळवा.

दरवाज्याचंही तसंच. वाऱ्याच्या तोंडावरचा मोठा दरवाजा उघडा आणि मागचा बंद असेल तर हवा आत कोंडते आणि छताला आतून ढकलते, बाहेरून वारा ओढतोच आहे. डंपर आत-बाहेर करतात म्हणून दरवाजा दिवसभर उघडाच राहतो, मग वादळाचा इशारा आला की दरवाजा बंद कोणी करायचा हे नावानिशी ठरलेलं पाहिजे.

कापड चढवायचं काम सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. कमानीवरून दोऱ्यांनी ओढून नेताना अर्ध्यात वारा सुटला तर ते अक्षरशः जहाजाचं शीड होतं, माणसं उचलली जातात. आणि कापड पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतं म्हणजे पडतंच, त्यामुळे पुन्हा ताणणं हा कामाचाच भाग आहे. माझ्या एका साइटवर हँडओव्हरनंतरचं हे ताणणं शेड्यूलमधून गाळलं गेलं, सैल कापड फडफडत एका बोल्टच्या डोक्यावर घासत राहिलं आणि मीटरभर फाटलं. गरम हवेने पॅच लावला (पॅचचे कोपरे गोल कापायचे, चौकोनी कोपऱ्यापासून सुटायला लागतो) पण त्या दोन दिवसांत वर्कशॉपमधली उघडी पडलेली मशीन झाकताना सगळ्यांचे हाल झाले. सैल जागी पाणीही साठतं, 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 100 किलो, आणि त्या वजनाने खड्डा अजून खोल होतो.

थंड हवेत आतली वाफ कापडाला लागून पाणी होते आणि टपकते, गळती समजून कापड तपासत बसू नका, आधी छताजवळचे व्हेंट उघडे आहेत का बघा. कापड आगीला टिकतं याचं सर्टिफिकेट त्याच कापडाच्या रोलचं आहे ना तेही जुळवा, आणि वेल्डिंग कापडापासून लांब.

या लाइनमध्ये यायचं असेल तर सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी एक अख्खी शेड फिटर लोकांबरोबर उभी करा आणि एक खोला. खोलताना बेसप्लेटच्या बोल्टचा गंज, शिवणीजवळचं घासलेलं कापड, ताण गेलेले पट्टे सगळं हातात येतं. मी अजूनही प्रत्येक जुनी शेड उतरवताना वही घेऊन जातो आणि कोणत्या कमानीवर काय झिजलंय ते लिहून आणतो.